कोरा रकाना

आमच्या पाटीवरचा 'डेटाबेस' हा शब्द
खाऱ्या वाऱ्यानं दोन वर्षांत खाल्ला,
उरला नुसता 'ड्रायव्हर'.
म्हणून महिन्याकाठी एक तरी माणूस जिना चढून येतो,
बिल्ला दाखवतो,
सहाचाकी पण मारतो म्हणतो, रात्रपाळी चालेल.
सुलक्षणा त्याला बसवते, पाणी देते, समजावते:
आमचा ड्रायव्हर गाडी चालवत नाही.
एका यंत्राचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही ना,
तर हा मध्ये उभा राहतो, इकडचं तिकडे सांगतो,
पदरचं काही घालत नाही.
परवाचा दाभोळ्याचा पोरगा नीट ऐकून म्हणाला,
"मगे त्येका पगार किती?"

खाली बर्फाचा कारखाना.
देवगडात भाडं परवडेल अशी हीच जागा होती.
लादी फोडायला लागले की टेबलं थरथरतात,
मुजफ्फर कपावर बशी झाकतो
आणि टाइप करत राहतो.

मच्छीमार सोसायटीचं काम आलं ते मे अखेर.
तीस वर्षांपूर्वी कुणा मास्तरांच्या भाच्यानं लिहिलेला प्रोग्रॅम,
अजून चालतो, फक्त कुणाशी बोलत नाही.
होडी, तांडेल, डिझेल, बर्फ, माल.
ह्या नोंदी मुंबईच्या नव्या यंत्रात
रोज रात्री आपोआप जायला हव्यात.
होड्या वर ओढलेल्या असतानाच आम्ही पूल बांधला.
एक्केचाळीस हजार ओळी पलीकडे गेल्या,
एकही अडकली नाही.
मुजफ्फरनं खालून कांदाभजी आणवली.

भजी संपायच्या आत कोयंडे आले,
सोसायटीचे कारकून, चष्म्याला काळा दोरा,
हातात छापील कागदांची चळत.
एका ओळीवर नख ठेवून म्हणाले,
"ह्यां शून्य कोणी घातलां?"

मी म्हटलं, तिथं काहीच नव्हतं, काका.
पलीकडच्याला आकडा लागतो. काही नाही म्हणजे शून्यच ना.

"शून्य म्हंजे होडी गेली.
जाळां मारल्यानी, वाट बघल्यानी, रिकामी इली.
शून्याक डिझेल लागता, बाय.
कोरा म्हंजे गेलीच नाय."

मी वहीत लिहून घेतलं. चूक साधी होती,
संध्याकाळपर्यंत सुटली असती.
पण त्यांनी पान उलटलं.

'सागरलक्ष्मी'. तीन डिसेंबर.
डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला, माल कोरा.
त्यापुढे मार्च अखेरपर्यंत रोज तिचं नाव, पुढे कोरं.
नाव कमी करू नका, असं घरच्यांनी सांगितलं होतं,
म्हणून ते रोज लिहायचे, आणि पुढचा रकाना सोडून द्यायचे.
आमच्या ड्रायव्हरनं तिथं शून्य घातलं होतं.
तीन तारखेला एक, त्यानंतर एकशे अठरा.
म्हणजे त्याच्या हिशेबानं
ती रोज पहाटे गेली
आणि रोज परत आली.

मुजफ्फरचे मामा विजयदुर्गाचे, खलाशी.
त्यानं बशी बाजूला ठेवली, काही बोलला नाही,
खुर्ची पुढे ओढली.

आमच्याकडून दोन ओळींचा बदल.
मुंबईच्या साहेबाशी मात्र तीन दिवस फोन:
कोरं कसं घ्यायचं, मॅडम? बेरीज कशी लागणार?
सुलक्षणा शेवटी म्हणाली,
नका लावू तेवढ्याची बेरीज.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाला, बघतो.

नव्या आवृत्तीच्या टिपणात मी लिहिलं:
रिकाम्या जागा आता रिकाम्याच पोचतील.
एवढंच. ग्राहकाला यापेक्षा जास्त सांगायचं नसतं.

कोयंडे काल खात्री करायला आले.
स्क्रीनवर विश्वास नाही, छापून द्या म्हणाले.
खिडकीशी उभं राहून
बोट एकेका रकान्यावर टेकवत
ओठातल्या ओठात मोजू लागले.
चाळिसाच्या पुढे कुठंतरी
खाली लादी फोडायला सुरुवात झाली,
आणि त्यांचा आकडा चुकला.
त्यांनी चष्मा पुसला,
पान मागे घेतलं,
चार डिसेंबरपासून पुन्हा.